दहा बाय बाराच्या हॉलसाठी टीव्ही: १६ हजारांत ३२ इंची की ४३?

रानपाखरू (दारव्हा)
नमस्कार मंडळी. बदली होऊन दारव्ह्याला आलोय, भाड्याचा वन बीएचके आहे, तीन मजली बिल्डिंगमधला दुसरा मजला. घरात टीव्ही नाही. बजेट १६ हजार. यात टीव्ही, डिश, भिंतीचा स्टँड, जे काय लागेल ते सगळं आलं. कापसाचे पैसे बाबा देतो म्हणतात, पण ते घ्यायचे नाहीत असं आमचं दोघांचं ठरलंय.

हॉल दहा बाय बारा. दिवाण आणि टीव्हीची भिंत यात साधारण आठ फूट. खिडकीत कूलर. बघणारे कोण, तर सासूबाई महिन्यातून आठेक दिवस इथे असतात, त्यांना सह्याद्री आणि मालिका लागतात. मला यूट्यूब. यांना क्रिकेट. यांचं म्हणणं ४३ इंचीच घ्यायचा, एकदाच घ्यायचा. मला ३२ पुरेल असं वाटतं. नेट आहे, लोकल फायबर, संध्याकाळी रडतं. घरमालक भिंतीला दोन-चार भोकं पाडू देतील, पण गच्चीवर भोक पाडायला साफ नाही म्हणाले.

गावाकडचं सागवानी शोकेस आणलंय, त्यात बसला तर बरं.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, भाऊचं आयका. ४३ घ्या. ३२ घेतला का दोन वर्षानं पुन्हा दुकानात जा लागते.

पऱ्हाटी
शोकेसची मापं टाका आधी. जुन्या शोकेसचा खण २१ इंची डब्बा टीव्हीसाठी केलेला असतो. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात हे दुकानात कुणी सांगत नाही. ३२ इंचीची स्क्रीन साधारण ७१ सेंमी रुंद, ४३ इंचीची ९५. त्यावर कडा धरा.

रानपाखरू
खण आतून ७४ सेंमी. म्हणजे ३२ बसेल!

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
बसेल, पण बसवू नका. माझा टीव्ही रिपेअरिंगचाच धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आजकालच्या एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त काय जातं, तर बॅकलाइटच्या पट्ट्या. पॅनेलच्या मागे छोट्या छोट्या एलईडीच्या पट्ट्या असतात. त्यांना उष्णता मारते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ असतं, कूलर बंद असलेल्या खोलीत ४० सहज होतं. त्यात टीव्ही तीन बाजूंनी लाकडात कोंडला की मागची जाळी श्वास कुठून घेणार? माझ्याकडे येणाऱ्या सेटमध्ये आवाज चालू आणि चित्र काळं ही तक्रार उन्हाळ्यात भारी असते. अंधारात टॉर्च स्क्रीनला तिरपी लावली आणि आत चित्र पुसट हलताना दिसलं, तर समजा पॅनेल शाबूत, पट्टी गेली. पट्टी बदलता येते, खर्च झेपण्यासारखा असतो. पॅनेल फुटलं तर विषय संपला, नवा टीव्हीच घ्या.

तर: भिंतीवर लावा, मागे बोटभर तरी जागा ठेवा. घरी आणल्यावर पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणा. दुकानात सगळे टीव्ही 'व्हिव्हिड'वर भडक लावून ठेवलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीत त्याची गरज नाही, डोळ्यालाही बरं आणि पट्टीलाही.

सोयाबीन_४३००
मेस्त्रीकाका, इंचाचं बोला ना. ताईनं ते विचारलं.

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
येतो बाप्पा तिकडंच. ताई, सासूबाई बघणार सह्याद्री आणि मालिका, तेही डिशवर. डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडी असतात, म्हणजे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. तेच चित्र ४३ इंचीच्या फोर-के (म्हणजे खूप जास्त आणि बारीक ठिपक्यांच्या) पडद्यावर ताणलं की बायकांचे चेहरे मेणाचे दिसतात. ३२ वर तेच चित्र घट्ट दिसतं. दुकानात जाल तेव्हा त्याचा डेमो व्हिडिओ बघू नका, त्याला म्हणा केबल लाव, मालिका लाव. मग कळते कोणता टीव्ही कसा आहे.

आठ_फुटी_गणित (अमरावती)
'एचडी रेडी घेऊ नका, ठिपके दिसतात' असा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, त्यावर थोडं. धडधाकट डोळ्याला एका कलेच्या, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाच्या आतले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ३२ इंची एचडी रेडीत (१३६६ बाय ७६८) एक ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा पडतो. हिशेब केला तर सहा फुटांपलीकडे ठिपके वेगळे दिसणं बंद होतं. ४३ इंची फुल एचडीचाही (१९२० बाय १०८०) ठिपका जवळजवळ तेवढाच, कारण पडदाच मोठा. तुम्ही बसणार आठ फुटांवर. म्हणजे तीक्ष्णपणासाठी ४३ घेण्यात अर्थ नाही, ४३ घ्यायचा तो फक्त मोठं चित्र हवं म्हणून. फोर-केचे ठिपके ४३ इंचीवर तीन फुटांवरूनच दिसेनासे होतात, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये फोर-के हा शब्द फक्त खोक्यावर वाचायचा.

आता भाऊंच्या बाजूनं. आठ फुटांवरून ३२ इंचीवर क्रिकेटचा स्कोअर वाचता येतो, पण पॉइंटला उभा कोण ते चटकन ओळखू येत नाही. ते सुख ४३ मध्ये आहे.

वऱ्हाडी_ठेचा
हेच म्हून राह्यलो ना मी!

रेणुका_वणी
गणित बाजूला ठेवा आणि वर्तमानपत्र घ्या. पानं चिकटवून ९५ बाय ५४ सेंमीचा एक तुकडा करा, ७१ बाय ४० चा दुसरा. दोन्ही भिंतीवर लावून दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. जेवताना, झोपताना, कपडे वाळत घालताना नजर जाईल तशी जाऊ द्या. आमच्या घरी निकाल असाच लागला.

कोरडवाहू
किमतीचं म्हणाल तर आता ४३ पूर्वीएवढा लांब राहिला नाही. ३२ इंचावरच्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. ३२ आणि त्याखालच्यांवर आधीपासून १८ च होता, म्हणून ३२ वाला 'जीएसटी उतरला, भाव उतरला' म्हणून काही विकत असेल तर हसून सोडून द्या. तरी चांगल्या कंपनीचा ४३ सोळा हजारांत स्टँड आणि डिशसकट बसणं कठीणच. बसवायला गेलात तर कधी नाव न ऐकलेली कंपनी हाती येते.

नाव_न_सांगणारा (घाटंजी)
त्या नाव न ऐकलेल्या कंपनीवर मी सांगतो. ४३ इंची, ऑनलाइन, सेलमध्ये, १५ हजारांच्या आत. आठ महिन्यांनी स्क्रीनवर उभी रेघ आली. फोन केला तर 'तुमच्या पिनकोडवर आमची सेवा नाही, टीव्ही पॅक करून सेंटरला पोचवा'. सेंटर नागपूरला. मूळ खोकं घरात कोण ठेवतं? टीव्ही चादरीत गुंडाळून एसटीत नेणार होतो, कंडक्टरनं चढू दिलं नाही. वॉरंटी होती म्हणे एक वर्षाची. होती, कागदावर.

विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून फक्त एवढं विचारा: दारव्ह्याचा पिनकोड सांगतो, माणूस घरी येईल का? उत्तर हो असेल तरच पुढचं बोला.

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
हे शंभर टक्के. माणूस यवतमाळहून का होईना, घरी आला पाहिजे. आणि बिलावर दुकानदाराला मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही लिहायला लावा. नुसतं 'एलईडी टीव्ही १ नग' असं बिल वॉरंटीला कामाचं नाही.

कॉलेजकुमार_एमएच२९
कोणत्या ऑपरेटिंग सिस्टमचा घ्यायचा? रॅम किती? कुणी बोललंच नाही.

आठ_फुटी_गणित (अमरावती)
खोक्यावर 'गूगल टीव्ही' असं नाव छापलेलं हवं, किंवा सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस. नुसतं 'स्मार्ट अँड्रॉइड टीव्ही' लिहिलेला स्वस्त माल असेल तर जपून. अँड्रॉइडचा गाभा कुणालाही फुकट वापरता येतो, त्यामुळे नाव खरं असतं, पण गूगलचं प्रमाणपत्र नसतं. अशा टीव्हीवर प्ले स्टोअर धड नसतं, नेटफ्लिक्स कधी असतं कधी नसतं, मग दुकानदार म्हणतो मोबाइलवरून मिरर करा. एक जीबी रॅमचा टीव्ही पहिल्या दिवशी ठीक चालतो, नंतर नुसतं यूट्यूब उघडायला घाम काढतो. दीड-दोन जीबी बघा. आणि एक एचडीएमआय पोर्ट (डब्बा, स्टिक जोडायची खाच) रिकामा राहील असं बघा. चार वर्षांनी टीव्हीचा मेंदू म्हातारा झाला की त्यात यूट्यूब वगैरे चालवणारी छोटी स्टिक खोचायची, पडदा चालूच राहतो.

माहेर_आर्वी
मला तर वाटतं ३२ साधा टीव्ही घ्यावा आणि स्टिक वेगळी.

कॉलेजकुमार_एमएच२९
मग हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते? जाहिरातीत १२० लिहितात.

आठ_फुटी_गणित (अमरावती)
या किमतीत पॅनेल ६० हर्ट्झचंच असतं. बाकीचा आकडा जाहिरातीचा.

वऱ्हाडी_ठेचा
एक गोष्ट कुनीच सांगून नाई राह्यलं. ताई, खिडकीत कूलर हाय म्हनता ना? तो सुरू केला का टीव्हीचा आवाज आयकूच येत नाई. मे महिन्यात आमच्या घरी टीव्हीचा आवाज ६० वर अन् कूलरची घरघर त्याच्या वर. बाबा वरडतात 'आवाज वाढव', आई वरडते 'कूलर कमी कर', अन् बातमी निघून जाते. आवाज २० वॉटचा तरी घ्या. स्वस्तातल्यात १६ वॉट, कुठं त्याहून कमी अस्ते. अन् स्पीकर खालच्या बाजूनं अस्तात, भिंतीवर लावला का आवाज जमिनीले जाते.

रानपाखरू
😂 हे अगदी खरं. आमचा कूलर टाकीचा आहे, लोखंडी. शेजारचे पण उठतात.

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
भाऊ बोलला ते बरोबर. सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो लावला की बोलणं वर येतं, मालिकेपुरतं भागतं. पुढं पैसे आले तर एचडीएमआय एआरसी पोर्टवर (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं पोर्ट) छोटा साउंडबार लावता येतो, म्हणून एआरसी आहे ना ते पाहून घ्या.

आणि कूलरचा झोत टीव्हीवर नको. ताट्यांतून बारीक तुषार येतात, विशेषतः पाणी नवीन भरल्यावर. ते पोर्टमध्ये बसून गंज धरतात. दोन-तीन सेट असे उघडलेत मी, आत बोर्डावर हिरवं. कूलरसमोरची भिंत टाळा, बाजूची घ्या.

रानपाखरू
बाजूची भिंत घेतली तर दिवाणावरून सरळ दिसतो, पण सासूबाई दाराजवळ खाली चटईवर बसतात, त्यांना तिरपा दिसेल.

आठ_फुटी_गणित (अमरावती)
मग पॅनेल कोणतं ते महत्त्वाचं. व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद, पण बाजूनं पाहिलं की रंग धुतल्यासारखे. आयपीएस बाजूनं चांगलं, काळा जरा राखाडी. माहितीपत्रकात बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. दुकानात टीव्हीच्या बाजूला जाऊन चक्क खाली बसा, सासूबाई बसतात तसं. दुकानदार बघेल, बघू द्या.

सोयाबीन_४३००
दुकानात चटई घेऊन जा ताई.

पऱ्हाटी
लाइटचं काय? आमच्याकडे दिवसाला चार वेळा जाते. स्टॅबिलायझर लागेल का?

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी व्होल्टेजची काळजी सोडा, आतला सप्लाय ते सांभाळतो. भीती वरच्या व्होल्टेजची. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रलची तार तुटली की घरात २३० च्या जागी ३५०-४०० येऊ शकतात. अशा वेळी बल्ब एकदम पांढरे भडक होतात आणि पंखा जोरात फिरतो. धावत जाऊन मेन बंद करा. त्यासाठी जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारं कट-ऑफ मिळतं, स्टॅबिलायझरपेक्षा ते घ्या. रस्त्यावरचा दीडशेचा स्पाइक गार्ड म्हणजे बऱ्याचदा नुसती वायर आणि लाल दिवा असतो.

वीज कडाडायला लागली की फक्त स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि डिशची वायरही सेट-टॉप बॉक्समधून सोडवायची. बाहेर धातूची डिश, तिथून वायर थेट घरात, विजेला तोच रस्ता. मृगाच्या तोंडाला माझ्याकडे जे एचडीएमआय जळालेले सेट येतात ते जवळजवळ सगळे डिशच्या वायरीमार्गे गेलेले. वीज पडून गेलेला टीव्ही वॉरंटीत येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा, शेतावरही कामाचं आहे.

कोरडवाहू
बिलाचं विचारलं नाही, पण सांगतो. ३२ इंचीला साधारण ५० वॉट, ४३ फोर-केला ८० ते १००. रोज पाच तास धरले तर महिन्याला साडेसात युनिट आणि १२ ते १५ युनिट. फार फरक नाही. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मात्र फरक पडतो.

नाना_धामणगाव
डिश कोणती घेणार त्यावर बोला. डीडी फ्री डिश घ्या पोरी. एकदा डिश आणि डब्बा घेतला की महिन्याचं काही नाही. सह्याद्री आहे. खासगी चॅनेल लिलावानं येतात-जातात, त्यामुळे एखादी आवडती मालिका गेली तर कुरकुर करायची नाही.

जावईबापूंच्या क्रिकेटसाठीही सांगतो. २००७ च्या कायद्यानं भारतीय संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटीचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं ठरवलं की ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवर दाखवायचं. म्हणून मॅच चालू असताना पैसे भरून घेतलेल्या डिशवर दूरदर्शन लावलं तर तिथे दुसरंच काहीतरी सुरू असतं, आणि आमच्या फुकटच्या डब्ब्यावर मॅच. आयपीएल मात्र त्यात नाही, त्याला जिओहॉटस्टारच बघा.

रानपाखरू
नाना, हे माहीतच नव्हतं. यांना वाचून दाखवलं, चेहरा पडला होता तो जरा सावरला. पण डिश लावू कुठे? गच्ची नाही. बाल्कनी पूर्वेला, वर तिसऱ्या मजल्याची बाल्कनी आहे.

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. म्हणजे बराच उंच. वर स्लॅब असेल तर बाल्कनीच्या आत लावलेल्या डिशला तो दिसणारच नाही. रेलिंगच्या बाहेर दोन-अडीच फूट पाइप काढून बघता येतं, पण वरची बाल्कनी किती पुढे आली त्यावर आहे. वाऱ्यात हललं तर चित्र जाणार.

घरमालकाला सांगा की भोक पाडायचं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड असेलच, त्याच्या अँगलला यू-क्लॅम्पनं डिश बसते. एक नट-बोल्ट काढला की निशाणी राहत नाही.

रेणुका_वणी
वर्तमानपत्र लावलं का?

रानपाखरू
लावलं! 'देशोन्नती'ची पानं. ४३ चा कागद बाजूच्या भिंतीवर लावला तर स्विचबोर्डाचा अर्धा भाग झाकला जातो आणि बेडरूमचं दार पूर्ण उघडलं की कागदाला घासतं. दार अर्धवट उघडं ठेवून राहायचं असं यांनी सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, एवढा मोठा माणूस घरात बसवल्यासारखं वाटते. ३२ चा कागद मस्त बसला.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊचं वाईट वाटते.

सोयाबीन_४३००
भाऊनं दिवाण एक फूट पुढे सरकवावा, ४३ चा आनंद ३२ मध्ये.

आठ_फुटी_गणित (अमरावती)
हे गमतीत लिहिलं असेल, पण बरोबर आहे. सात फुटांवर आणा. ठिपके तरीही दिसणार नाहीत.

रानपाखरू
घेतला. ३२ इंची, एचडी रेडी, गूगल टीव्ही, दीड जीबी रॅम, २० वॉट. दारव्ह्यातल्याच दुकानातून. ऑनलाइन ९०० रुपये कमी होता, पण दुकानदार भिंतीचा स्टँड आणि फिटिंग त्यातच देतो म्हणाला, आणि कंपनीच्या कस्टमर केअरनं पिनकोडवर घरी येऊ असं सांगितलं. टीव्ही १३,२००. फ्री डिश डब्ब्यासकट १,७००. कट-ऑफ ६५०. चारशे-साडेचारशे उरले.

दुकानात खाली बसून पाहिला, तीन मॉडेल. एकात बाजूनं निळा रंग पार उडत होता, ते बाद केलं. दुकानदारानं चहा सांगितला. बिलावर सीरियल नंबर आहे.

घरमालक टाकीच्या अँगलला तयार झाले. अट एकच, त्यांच्या टीव्हीलाही एक वायर खाली काढून द्यायची.

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
मग डिशवर दोन आउटपुटचा एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग) लावायला सांगा आणि त्यांना वेगळा डब्बा घ्यायला लावा. एकाच वायरीला साधा टी-जोड मारू देऊ नका. एकाच्या डब्ब्यामुळे दुसऱ्याचं चित्र अडू शकतं, मग भाडेकरू आणि मालक दोघं मला फोन करतात.

रानपाखरू
दोन आउटपुटचा किती जास्त पडेल काका?

टीव्ही_मेस्त्री (पुसद)
शे-दोनशे. तुमच्या उरलेल्या चारशेत बसते.